वळसंगची विहीर आणि लंडनची खोली

सोलापूरहून अक्कलकोटकडे जाताना वाटेत वळसंग हे गाव लागते. या गावात एक विहीर आहे. गावच्या पाणवठ्यावर ज्यांना मज्जाव होता, त्या दलित बांधवांसाठी ती खोदली गेली आणि १९३७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. बाबासाहेबांचे कार्य आपल्या वाचकांना परिचित आहे. परंतु या विहिरीपाशी आलेल्या पुरुषाने आपल्या तारुण्यातील अनेक वर्षे परक्या शहरांत काढली होती. तेथे तो कसा राहिला, काय जेवला, कोणाच्या शेजारी निजला, याचा आपण क्वचितच विचार करतो. आज त्या साध्या दिनक्रमाविषयीच आम्हांस थोडे लिहावयाचे आहे.

१९१३ च्या जुलै महिन्यात, वयाच्या बाविसाव्या वर्षी, बाबासाहेब न्यूयॉर्कला पोहोचले. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी त्यांना दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली होती. कोलंबिया विद्यापीठाच्या वसतिगृहात ते प्रथम उतरले. तेथील जेवण त्यांना मानवेना. पुढे त्यांनी निवास बदलला आणि नवल भथेना या पारशी विद्यार्थ्याबरोबर ते एका खोलीत राहू लागले. ही मैत्री आयुष्यभर टिकली. शिष्यवृत्तीतूनच घरी पैसे पाठवावे लागत, म्हणून खाण्यापिण्यात काटकसर करावी लागे. उरलेले पैसे जुन्या पुस्तकांच्या दुकानांत जात. १९१५ साली ते एम. ए. झाले.

न्यूयॉर्क हा काही स्वर्ग नव्हता. त्याही देशात काळ्या माणसाला गोऱ्यांचा तिरस्कार सोसावा लागतच होता. परंतु साताऱ्याच्या शाळेत ज्या मुलाला तहान लागली तरी नळाला हात लावण्याची मुभा नव्हती, त्याला येथे कोणी जात विचारीत नव्हते. एका मेजावर जेवणे, एका बाकावर बसणे, एका खोलीत निजणे या गोष्टी इतरांच्या लेखी क्षुल्लक होत्या. त्यांच्या लेखी त्या नव्या होत्या.

१९१६ साली ते लंडनला गेले. पण शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे पुढच्याच वर्षी त्यांना परतावे लागले. अपुरे राहिलेले शिक्षण पुरे करण्यासाठी १९२० साली ते पुन्हा लंडनला निघाले. या खेपेस प्राध्यापकीतून साठविलेली पुंजी, शाहू महाराजांचे साहाय्य आणि भथेना यांनी दिलेले कर्ज एवढाच आधार होता. किंग हेन्रीज रोडवरील ज्या घरात ते १९२१-२२ च्या सुमारास राहिले, ते घर महाराष्ट्र शासनाने २०१५ साली विकत घेतले. त्यांचा दिनक्रम चरित्रकारांनी नोंदवून ठेवला आहे. सकाळी चहा, पावाचा तुकडा आणि थोडेसे तोंडीलावणे. मग ब्रिटिश म्युझियमचे ग्रंथालय उघडताच आत शिरावयाचे आणि ते बंद होईपर्यंत वाचीत बसावयाचे. दुपारचे जेवण बहुधा नसेच. रात्री पोटात आग पडली की, एका स्नेह्याने दिलेले पापड भाजून ते दुधाबरोबर खावयाचे आणि पुन्हा वाचन सुरू. इकडे मुंबईत, परळच्या चाळीत, रमाबाई तुटपुंज्या पैशांत संसार ओढीत होत्या. त्या चाळीतील उपवासही या विद्येच्या जमाखर्चात मांडला पाहिजे. एम. एस्सी. आणि बॅरिस्टर या पदव्या मिळवून ते १९२३ साली स्वदेशी परतले; डी. एस्सी. ही पदवी त्यांना परतल्यानंतर मिळाली.

या दोन मुक्कामांच्या दरम्यान बडोद्यात जे घडले, ते आम्हां ख्रिस्ती वाचकांनी विशेष लक्षपूर्वक वाचावयास हवे. बाबासाहेबांनी स्वतःच ते ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत लिहून ठेवले आहे. पाच वर्षांच्या परदेशवासाने आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच त्यांच्या मनातून पुसली गेली होती. १९१७ साली संस्थानच्या नोकरीसाठी ते बडोद्याच्या स्थानकावर उतरले आणि आता राहावयाचे कोठे, या प्रश्नाने ती पुन्हा जागी झाली. पारशी नाव धारण करून ते एका पारशी धर्मशाळेत राहिले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेला जमाव दाराशी आला आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्यास त्यांना बजावले गेले.

शहरात त्यांचे दोन मित्र होते. एक हिंदू, दुसरा ख्रिस्ती. हिंदू मित्र म्हणाला, तुम्ही आलात तर घरचे नोकर निघून जातील. ख्रिस्ती मित्र म्हणाला, पत्नी उद्या येणार आहे, तिला विचारावे लागेल. पुढे बाबासाहेबांना कळले की ते कुटुंब मूळचे ब्राह्मण होते. बाप्तिस्म्यानंतर पतीचे विचार उदार झाले, पत्नीचे मात्र जुनेच राहिले. मुंबईची गाडी रात्री होती. लंडन-न्यूयॉर्कमध्ये शिकलेला तो तरुण तोवर एका सार्वजनिक बागेत बसून राहिला.

सेमिनरीत आम्ही ख्रिस्तसभेचा इतिहास शिकलो. रोमच्या छळाचे आणि रक्तसाक्ष्यांचे अध्याय आम्हांस पाठ होते. बडोद्याच्या त्या उंबरठ्याचा धडा आम्ही धर्मगुरू झाल्यावर फार उशिरा वाचला आणि त्या रात्री आम्हांस झोप आली नाही. लाठ्या घेऊन आलेल्यांपेक्षा ‘विचारून सांगतो’ म्हणणारा तो सुशिक्षित ख्रिस्ती गृहस्थ आम्हांस अधिक ओळखीचा वाटला. स्थळ आले की आधी मूळ कोणते ते विचारणारी कुटुंबे आपल्या धर्मग्रामांत नाहीत काय? भारतातील कॅथलिक महागुरुस्वामींनी २०१६ साली दलित सबलीकरणाचे धोरण जाहीर केले. ते धोरण कागदावरून आपल्या स्वयंपाकघरापर्यंत यावयाचे आहे.

आपला प्रभूही भर दुपारी एका विहिरीपाशी बसला होता. यहुदी लोक ज्यांच्याशी संबंध ठेवीत नसत, अशा शोमरोनी स्त्रीजवळ त्याने पाणी मागितले. त्याने तिला पाणी देऊ केले एवढेच आपण सांगतो. त्याआधी तिच्या हातचे पाणी त्याने मागितले, हे सांगावयाचे राहून जाते.

अक्कलकोटच्या वाटेने जाणाऱ्या आमच्या वाचकांनी वळसंगला थोडे थांबावे. मुलांना ती विहीर दाखवावी, लंडनच्या खोलीतील भाजलेल्या पापडाची गोष्ट सांगावी आणि बडोद्याच्या त्या ख्रिस्ती घराचीही सांगावी. त्या घराची गोष्ट वगळू नये.