संगणकाचा प्रसार आणि संगणकाचे रोग

पालघर जिल्ह्यांतील जव्हार व मोखाडा या डोंगराळ तालुक्यांत नागली, वरई आणि भात हीं मुख्य पिकें. कोठें हळवें वाण, कोठें निमगरवें, कोठें गरवें, अशी निवड तेथील शेतकरी जमिनीचा उतार व पाण्याचा अंदाज पाहून पिढ्यान् पिढ्या करीत आला आहे. करपा तेथेंही पडतो. पण सर्व वाणांवर तो सारख्याच जोरानें पडत नाहीं. संगणकावरील भाषणास नागलीपासून आरंभ केलेला पाहून श्रोत्यांना नवल वाटेल. परंतु आज ज्या प्रश्नाचा विचार करावयाचा, तो मुळांत पिकाचाच प्रश्न आहे: एकाच जातीच्या यंत्रांचा प्रसार फार झाला, म्हणजे त्यांना रोग अधिक जडतात काय?

जडतात, असें उत्तर सामान्यतः मिळतें, आणि इतिहास त्यास बराच अनुकूल आहे. १९८२ सालीं अमेरिकेंतील एका शाळकरी मुलानें 'एल्क क्लोनर' हा खोडकर व्हायरस रचला, तो त्या वेळीं सर्रास दिसणाऱ्या अ‍ॅपल-दोन या यंत्रासाठीं. १९८६ त लाहोरच्या दोघां भावांचा 'ब्रेन' आयबीएमच्या धर्तीच्या संगणकांत शिरला; पुढें विंडोजचें राज्य पसरलें, तसा उपद्रवही तिकडेच वळला. चोर भरल्या बाजारांत शिरतो, ओसाड माळावर नव्हे, हें समजण्यास पांडित्य नको.

मात्र २००१ सालची एक गोष्ट या सिद्धान्ताच्या आड येते. त्या वेळीं जगांतील निम्म्याहून अधिक संकेतस्थळें 'अपाची' या आज्ञावलीवर चालत. मायक्रोसॉफ्टची 'आयआयएस' पुष्कळ मागें होती. तरीही १९ जुलै रोजीं 'कोड रेड' नें चौदा तासांच्या आंत सुमारें ३,५९,००० यंत्रें ग्रासलीं, तीं या मागें पडलेल्या पक्षाचीं! ज्या भोकांतून तो शिरला, तें बुजविणारें ठिगळ महिनाभर आधींच प्रसिद्ध झालें होतें. पुष्कळांनीं तें लावलें नव्हतें, इतकेंच. २०१२ त 'फ्लॅशबॅक' नें सहा लाखांवर मॅक गांठले. विंडोजच्या मानानें मॅक थोडे. पण जावामधील जी फट तिच्या कर्त्यांनीं फेब्रुवारींत बुजविली, ती अ‍ॅपलनें एप्रिलपर्यंत उघडी ठेविली होती. प्रसारामुळें चोराची नजर वळते. दार उघडें राहणें ही निराळी गोष्ट होय. या दोहोंची गल्लत करणें कंपन्यांस सोयीचें पडतें, कारण मग दोष लोकप्रियतेवर ढकलतां येतो.

प्रसाराचा खरा धोका दुसराच आहे. एकाच्या घरची किल्ली सर्वांच्या कुलुपांस लागते. डॅन गीअर व त्यांचे सहकारी यांनीं २००३ त एकजातीच्या पिकाचाच दाखला देऊन विंडोजविषयीं हा इशारा दिला. त्यापायीं गीअर यांची नोकरी गेली. पुढें २७ जून २०१७ रोजीं 'नॉटपेट्या' युक्रेनमधील हिशेबाच्या एका आज्ञावलींतून निघाला आणि डेन्मार्कच्या मर्स्क कंपनीच्या जाळ्यांतून थेट आमच्या न्हावा-शेवा बंदरांतील तिच्या धक्क्यापर्यंत पोंचला. तेथील संगणक बंद पडले, काम ठप्प झालें. ठिगळ लावलेलीं यंत्रेंही वांचलीं नाहींत, कारण एका यंत्रांतून चोरलेल्या परवलीच्या शब्दांनीं तो शेजारच्या यंत्रांत शिरे. मर्स्कला ४५,००० संगणक व ४,००० सर्व्हर नव्यानें उभे करावे लागले. साऱ्या जाळ्याचा नकाशा ज्यांत असतो, त्या यंत्रांपैकीं एकच शाबूत सांपडलें, घाना देशांत. तेथें नेमकी वीज गेली होती. वीज जाण्याचा हा उपयोग मोखाड्याच्या रहिवाशांसही नवीन वाटेल.

आज जव्हारच्या बाजारांत ज्याच्या हातीं स्मार्टफोन आहे, त्याचा तो बहुधा अँड्रॉइडच असतो, आणि मजुरीचे पैसेही त्यांतूनच फिरतात. बँकेचें किंवा सरकारी योजनेचें नांव लावून एखादी 'एपीके' फाइल येते. आयफोनांत अशी बाहेरची फाइल सहजासहजीं बसत नाहीं. अँड्रॉइडमध्यें मालकानें होकार दिला कीं बसते. तो होकार मागणारा प्रश्न मराठींतून विचारण्याची सोय त्याच फोनांत आहे, आणि ती चालू करून देण्यास घरांतील एखाद्या शिकलेल्या मुलास दोन मिनिटें पुरतात.