‘आपल्यातले’ की ‘त्यांच्यातले’? रोजच्या जगण्यातला पूर्वग्रह येतो कुठून, आणि जामखेडमध्ये त्याला छेद कसा दिला गेला?

‘आडनाव काय तुमचं?’

भाड्याची खोली बघायला गेलं की हा प्रश्न येतोच. आडनावावरून अंदाज आला नाही तर पुढचा प्रश्न गावाचा, मग पाहुण्यारावळ्यांचा. विचारणाऱ्याला शेवटी एवढंच जाणून घ्यायचं असतं, की समोरचा माणूस ‘आपल्यातला’ आहे का.

आपल्या माणसांत बरं वाटणं हा गुन्हा नाही. पण याच सवयीतून कुणाला खोली नाकारली जाते, कुणाला गावाबाहेर पाल ठोकावं लागतं आणि कधीकधी कुणाचा जीवही जातो. हे कसं घडतं आणि ते बदलता येतं का? अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात या दोन्ही प्रश्नांची काही उत्तरं सापडतात.

याला वंशभेद म्हणायचं का?

वंशभेद म्हटलं की आपल्याला अमेरिका आठवते, गोरे-काळे आठवतात. आपल्याकडे रंगापेक्षा जन्म मोजला जातो.

वंशभेद संपवण्यासाठी संयुक्त राष्ट्रांनी १९६५ साली आंतरराष्ट्रीय करार स्वीकारला. त्यात वंश आणि रंगाच्या जोडीला ‘कुळ’ म्हणजे जन्मावरून होणारा भेदभावही धरला आहे. भारतानं १९६८ मध्ये या कराराला मान्यता दिली. जात म्हणजे वंश नव्हे, त्यामुळे जातीचा प्रश्न या करारात बसत नाही, अशी भारत सरकारची भूमिका राहिली आहे. कराराच्या अंमलबजावणीवर लक्ष ठेवणाऱ्या समितीनं मात्र जन्मावरून होणाऱ्या भेदभावात जातही येते, असं २००२ मध्ये स्पष्ट केलं.

नाव काहीही द्या, अनुभव सारखाच आहे. तुम्ही काय केलंत हे बघण्याआधी तुम्ही कुणाच्या पोटी जन्मलात हे बघितलं जातं.

माणूस गट का करतो?

मानसशास्त्रज्ञ हेन्री ताजफेल यांनी इंग्लंडमधल्या ब्रिस्टल इथे शाळकरी मुलांवर एक प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष १९७० मध्ये प्रसिद्ध झाले. मुलांना पडद्यावरचे ठिपके किती आहेत याचा अंदाज करायला सांगितलं. मग ‘तुम्ही जास्त सांगणारे, तुम्ही कमी सांगणारे’ असे दोन गट पाडले. खरं तर मुलं कशीही वाटून टाकली होती.

त्यानंतर प्रत्येकाला इतर मुलांमध्ये पैसे वाटायला सांगितलं. स्वतःला काही मिळणार नव्हतं. समोरचा मुलगा नेमका कोण, हेही माहीत नव्हतं. तरीही मुलांनी आपल्या गटाला झुकतं माप दिलं. दुसऱ्या गटापेक्षा आपण वरचढ राहावं म्हणून आपल्या गटाला थोडं कमी मिळालेलंही अनेकांना चाललं.

म्हणजे गट पडायला इतिहास लागत नाही, भांडणही लागत नाही. पण कोणत्या गटाला चोर म्हणायचं आणि कुणाला गावाबाहेर ठेवायचं, हे निसर्ग ठरवत नाही. ते माणसं ठरवतात.

पारधी समाजावर शिक्का कुणी मारला?

जिल्ह्याच्या कर्जत, जामखेड, श्रीगोंदा या भागात पारधी समाजाच्या वस्त्या आहेत. पारध म्हणजे शिकार, त्यावरून पारधी. फासे लावून पशुपक्षी धरणारे ते फासेपारधी.

इंग्रज सरकारनं १८७१ मध्ये ‘गुन्हेगार जमाती कायदा’ केला. सुरुवातीला तो उत्तर हिंदुस्थानात लागू होता, १९११ च्या कायद्यानं तो देशभर नेता येऊ लागला. एखादी जमात यादीत आली की तिच्यात जन्मलेला माणूस संशयित ठरे. नोंदणी, हजेरी, गाव सोडायला परवाना असा सगळा जाच मागे लागे. त्यानं स्वतः काही केलं आहे की नाही, हा प्रश्नच नव्हता.

स्वातंत्र्यानंतर ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला. म्हणून त्या दिवशी ‘विमुक्त दिन’ पाळतात. पण त्याच्या जागी ठिकठिकाणी ‘सवयीच्या गुन्हेगारां’विषयीचे कायदे आले, आणि जुनाच संशय नव्या नावानं चालू राहिला. पुढे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीचा धंदाही संपला. भटकंतीमुळे कागदपत्रं नाहीत, कागदपत्रं नाहीत म्हणून रेशन आणि जातीचा दाखला मिळत नाही. अशा माणसाला कामावर कोण ठेवणार?

गावात चोरी झाली की आधी पारध्यांच्या वस्तीकडे बोट जातं ते यामुळे. बोट दाखवणाऱ्याला तो ‘अनुभव’ वाटतो. प्रत्यक्षात तो दीडशे वर्षांपूर्वीचा सरकारी कागद असतो.

हे कायदे रद्द करा, अशी शिफारस वंशभेदविरोधी समितीनं भारताला २००७ मध्ये केली होती. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं, पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर निकाल देताना, तुरुंगांच्या नियमावल्यांतल्या जातीवर आधारलेल्या तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या. विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानी पद्धतीनं अटक होऊ नये, असंही पोलिसांना बजावलं.

यात मोबाइल कुठे येतो?

१ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातलं राईनपाडा. मुलं पळवणारी टोळी फिरतेय अशा अफवा व्हॉट्सॲपवरून पसरल्या होत्या. भिक्षा मागत फिरणाऱ्या पाच जणांना जमावानं ठेचून मारलं. ते नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजाचे होते, आणि त्यांतले बहुतेक सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा भागातले होते.

अफवा नवी होती. ‘भटके म्हणजे संशयित’ हा समज मात्र आधीपासून तयार होता. तो नसता तर त्या मेसेजला एवढा जोर आला असता का?

जामखेडमध्ये काय वेगळं झालं?

डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्यानं १९७० मध्ये जामखेडला ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. तेव्हा गावोगाव दलितांना विहिरीवर पाणी भरता येत नव्हतं. त्यात १९७२ चा दुष्काळ पडला आणि कूपनलिका खोदायची वेळ आली.

आरोळेंनी भाषण दिलं नाही. हातपंपाच्या जागा दलित वस्तीत येतील हे पाहिलं. घसा कोरडा पडल्यावर वरच्या जातीच्या घरांतल्या बायकाही हंडे घेऊन तिथे येऊ लागल्या.

गावातल्याच बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. त्यात निरक्षर होत्या, दलितही होत्या. प्रशिक्षणासाठी जामखेडला आल्या की सगळ्यांचं जेवण आणि मुक्काम एकत्र असे. गावी परतल्यावर बाळंतपणाला हीच सेविका बोलवायची, तर तिला उंबरठ्याबाहेर उभं करून चालणार कसं? या कामासाठी आरोळे दांपत्याला १९७९ चा रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्ये मांडलं होतं, की नुसतं शेजारी राहून पूर्वग्रह जात नाही. त्यासाठी बरोबरीचा दर्जा, समान उद्दिष्ट, एकमेकांच्या मदतीनं करायचं काम आणि वरिष्ठांचा पाठिंबा लागतो. पिढ्यान्‌पिढ्या एकाच शिवारात राहूनही जात का गेली नाही, याचं एक उत्तर यात आहे. शेतमालक आणि मजूर रोज भेटतात, पण बरोबरीनं भेटत नाहीत. जामखेडच्या प्रशिक्षणात या चारही गोष्टी एकत्र आल्या होत्या.

मग प्रश्न सुटला का?

नाही. याच जामखेड तालुक्यात, खर्डा इथे, एप्रिल २०१४ मध्ये १७ वर्षांच्या दलित विद्यार्थ्याचा खून झाला. वरच्या जातीतल्या मुलीशी संबंध असल्याचा संशय हे त्यामागचं कारण सांगितलं गेलं. अनेक साक्षीदार फितूर झाले आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये सत्र न्यायालयातून आरोपी निर्दोष सुटले.

एकाच हातपंपावर पाणी भरणं आणि एकमेकांच्या घरात सोयरीक होणं यांत मोठं अंतर आहे. आरोग्य, पाणी, शाळा इथपर्यंत बदल पोहोचला. लग्नाचा विषय निघाला की ‘आपली माणसं’ पुन्हा एक होतात.

हा पूर्वग्रह स्वतःत कसा ओळखायचा?

काही साध्या खुणा आहेत. आपल्यातल्या एकानं चूक केली तर ‘तो तसाच आहे’ आणि दुसऱ्या समाजातल्या एकानं केली तर ‘ते तसलेच असतात’ असं आपण म्हणतो का? आपल्या कार्यक्रमात, आपल्या ताटाला ताट लावून, बरोबरीच्या नात्यानं बसणारे दुसऱ्या समाजातले किती जण आहेत? आणि ‘अमुक लोक गावात आलेत, सावध राहा’ हा मेसेज पुढे पाठवण्याआधी, त्यांनी नेमकं काय केलंय हे आपण कुणाला विचारलं का?

शेवटच्या प्रश्नाला वेळ फार लागत नाही. जवळच्या पोलीस ठाण्यात एक फोन करून खात्री करता येते. खात्री होईपर्यंत तो मेसेज आपल्याच फोनमध्ये राहू द्यावा.