मोटारीतील कंपनीचा स्टिरिओ बदलणे

कारखान्यातून मोटारीसोबत आलेला ध्वनिसंच काढून त्या जागी बाजारात स्वतंत्रपणे मिळणारा संच बसवण्याचे काम. रेडिओ, ॲम्प्लिफायर आणि नियंत्रणे एकत्र असलेल्या या भागाला व्यवहारात ‘हेड युनिट’ किंवा नुसते ‘स्टिरिओ’ म्हणतात. भारतात बराच काळ प्रश्न बदलण्याचा नव्हे, तर पहिल्यांदा बसवण्याचा होता. मारुती ८०० च्या साध्या आवृत्तीत डॅशबोर्डवर नुसता खाचा असे आणि संच मालकाने बाहेरून आणायचा असे. मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड, पुण्यात नाना पेठ इथल्या दुकानांनी हे काम पिढ्यान्‌पिढ्या केले आहे.

मोटारीसाठी १९३० मध्ये अमेरिकेत गॅल्विन कंपनीने ‘मोटोरोला’ रेडिओ बाजारात आणला, तो व्यापारी यश मिळवणारा पहिला मोटार-रेडिओ मानला जातो. पुढे कॅसेट, सीडी, यूएसबी आणि ब्लूटूथ आले. २०१४-१५ पासून ॲपल कारप्ले आणि अँड्रॉइड ऑटोमुळे मोबाइलवरचा नकाशा डॅशबोर्डच्या पडद्यावर दिसू लागला. जुन्या पण धडधाकट गाडीचा स्टिरिओ आज बदलला जातो तो बहुधा याच सोयीसाठी.

अदलाबदल शक्य होते ती ठरलेल्या मापामुळे. मूळ जर्मन आणि नंतर आंतरराष्ट्रीय झालेल्या मानकानुसार एकेरी (सिंगल डिन) संचाचे तोंड १८० मिमी रुंद व ५० मिमी उंच असते. दुहेरी (डबल डिन) संच तितकाच रुंद, पण १०० मिमी उंच. टोयोटाच्या अनेक गाड्यांत खाचा २०० मिमी रुंद असल्याने दोन्ही बाजूंना फट राहते, ती झाकायला वेगळ्या पट्ट्या लागतात. इतर गाड्यांसाठी मॉडेलनुसार प्लास्टिकची फ्रेम मिळते. फ्रेम चुकीची असली की संच खडबडीत रस्त्यावर खडखडतो, मग आवाज कितीही चांगला असो.

कामाचा खरा कस मात्र मागच्या वायरिंगमध्ये लागतो. बाजारातल्या बहुतेक संचांत पिवळी वायर बॅटरीचा अखंड पुरवठा घेते, लाल वायर चावी फिरवल्यावरच जिवंत होते, काळी अर्थिंगची. पांढरी, करडी, हिरवी आणि जांभळी या चार स्पीकरांच्या; काळी रेघ असलेली प्रत्येकाची जोडीदार ऋण वायर. पिवळी व लाल उलट जोडल्या गेल्या तर गाडी बंद होताच स्टेशने आणि घड्याळ पुसले जाते. काही युरोपीय गाड्यांच्या कपलरमध्ये या दोन जागा मुळातच अदलाबदल केलेल्या असतात, त्यामुळे मीटर लावून तपासल्याशिवाय जोडणी करू नये. दोन्ही एकत्र करून अखंड पुरवठ्याला जोडल्या तर संच बंद करायचा राहिल्यास बॅटरी उतरते. आजच्या संचांत स्पीकरची ऋण वायर अर्थिंगला कधीही जोडायची नसते. तशी जोडली तर ॲम्प्लिफायरची आयसी जळू शकते.

कपलरला कपलर जोडणारी तयार वायरिंग मिळते आणि तिचाच आग्रह धरावा. मूळ वायरी कापून, पिळून टेप गुंडाळलेला जोड उन्हाने आणि हादऱ्यांनी सैल होतो. शिवाय वॉरंटीवर हक्क सांगताना कापलेली वायर पहिली पुढे येते.

खोक्यावरचा ‘५० वॉट × ४’ हा आकडा कमाल मर्यादेचा असतो. संचाच्या पाठीवरचा फ्यूज १० अँपिअरचा असेल तर १४.४ व्होल्टवर तो सलग १४४ वॉटच घेऊ शकतो, मग सलग २०० वॉट बाहेर येणार कुठून? ४ ओहमच्या स्पीकरवर प्रत्यक्ष सलग शक्ती साधारण २० वॉटच्या आसपास असते. म्हणून केवळ आवाजासाठी खर्च करायचा असेल तर आधी स्पीकर बदलणे अधिक फायद्याचे.

परदेशातून आणलेल्या संचाची एक अडचण सहसा कुणी सांगत नाही. जपानी संचाचा एफएम पट्टा ७६ मेगाहर्ट्झपासून सुरू होऊन आपल्या १०८ च्या बराच अलीकडे संपतो. अमेरिकी संच मध्यम लहरींवर १० किलोहर्ट्झच्या पायऱ्यांनी सरकतो, आपल्याकडे पायरी ९ ची आहे. त्यामुळे मुंबई आकाशवाणीचे ५५८ किलोहर्ट्झ त्यावर नेमके लागत नाही. सेटिंगमध्ये प्रदेश बदलण्याची सोय आहे का, ते विकत घेण्याआधी पाहावे. काही गाड्यांच्या अँटेनातल्या ॲम्प्लिफायरला वेगळा पुरवठा लागतो, तो न दिल्यास एफएम क्षीण होते.

स्टीअरिंगवरची बटणे चालू ठेवायला जुळणारा इंटरफेस लागतो. हँडब्रेकची वायर संचाला जोडायची ती गाडी थांबलेली असतानाच व्हिडिओ दिसावा म्हणून. ती थेट अर्थ करून पडदा चालत्या गाडीत सुरू ठेवणे जिवावर बेतणारे आहे. फिटरने सुचवले तरी नाकारावे.

अलीकडच्या पुष्कळ गाड्यांत एसी, कॅमेरा आणि गाडीची सेटिंग्जही त्याच पडद्यात सामावलेली असतात. तिथे संच काढणे व्यवहार्य नाही. मूळ संच ठेवून त्याच्या स्पीकर वायरींवरून सिग्नल घेणारा ॲम्प्लिफायर जोडणे हाच बरा मार्ग. संच बदललाच, तर काढलेला मूळ संच आणि त्याचे स्क्रू जपून ठेवावेत. गाडी विकताना बाजारातला संच उतरवून तोच पुन्हा बसवता येतो.