१४. गब्रीएल

बायबलमधला देवदूत, देवाचा निरोप पोचवणारा. जुन्या करारात तो दानीएलाला दृष्टान्ताचा अर्थ उलगडून सांगतो (दानीएल ८:१६). नव्या करारात तो लूककृत शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायात येतो. मंदिरात धूप जाळायला गेलेल्या वृद्ध जखऱ्याला तो धूपवेदीच्या उजव्या बाजूला उभा दिसतो आणि मुलगा होईल असे सांगतो. जखऱ्या शंका घेतो. मुलाचे नाव ठेवीपर्यंत त्याची वाचा बंद होते. हा मुलगा म्हणजे बाप्तिस्मा करणारा योहान.

पुढे नासरेथात मरीयेला येशूच्या जन्माची वार्ता तोच देतो. प्रश्न तीही विचारते, पण तिला शिक्षा होत नाही, उत्तर मिळते. हा फरक फार हृद्य आहे. चित्रांत गब्रीएलला दाखवतात ते पंख लूकच्या वर्णनात नाहीत. मरीयेला दिलेल्या या वार्तेचा सण २५ मार्चला, नाताळाच्या बरोबर नऊ महिने आधी.