‘थ्री नॉट थ्री’ची पारख : जुनी लष्करी रायफल कशी ओळखावी?

‘थ्री नॉट थ्री’ हे नाव ठाऊक नसलेला मराठी माणूस विरळाच. पोलिस ठाण्याचा पहारा, मतदान केंद्राचा बंदोबस्त आणि एनसीसीचे संचलन यांच्याशी या रायफलीचे नाते अनेक दशकांचे आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर अत्याधुनिक रायफली घेतलेल्या अतिरेक्यांसमोर रेल्वे पोलिसांच्या हाती हेच जुने शस्त्र होते. उत्तर प्रदेश पोलिसांनी २६ जानेवारी २०२० रोजी प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात तिला निरोप दिला. सेवेतून ती मावळत असली, तरी संग्रहालयांत, संग्राहकांकडे आणि काही जुन्या घराण्यांच्या कपाटांत ती अजून आहे. अशी रायफल ओळखावी कशी, तिचे मोल ठरवावे कशावरून आणि तिच्यात बदल करावा का, याचा हा आढावा.

पिढ्या आणि खुणा

या रायफलीचे मूळ नाव ली-एन्फिल्ड. जेम्स पॅरिस ली यांनी बोल्टची रचना केली. एन्फिल्ड हा ब्रिटिश सरकारी शस्त्र कारखाना. ब्रिटिश सैन्याने ती १८९५ मध्ये स्वीकारली. १९०४ मध्ये आखूड नळीची आवृत्ती आली आणि १९०७ मधील ‘मार्क तीन’ सर्वाधिक गाजली. पहिल्या महायुद्धात उत्पादनाचा वेग वाढविण्यासाठी काही भाग वगळून १९१६ मध्ये ‘मार्क तीन स्टार’ निघाली. दुसऱ्या महायुद्धातील ‘नंबर चार’ निराळी दिसते. तिच्या नळीचे तोंड लाकडाच्या पुढे स्पष्ट डोकावते आणि मागची नेमसाधनी डोळ्याजवळ असते. जुन्या ‘नंबर एक’मध्ये मात्र नळीचे तोंड बोथट लोखंडी टोपणात दडलेले असते.

‘नंबर एक’ हाती आली, की दस्त्याच्या मानेवरील लोखंडी पट्टा उजव्या बाजूने पाहावा. तेथे राजमुकुट, कारखान्याचे नाव, वर्ष व मार्क कोरलेले असतात. एन्फिल्ड, बर्मिंगहॅमची बीएसए, ऑस्ट्रेलियातील लिथगो आणि बंगालमधील ईशापूर ही त्यांतील प्रमुख नावे. ईशापूरच्या स्वातंत्र्यपूर्व रायफलींवर मुकुटाखाली ‘जी. आर. आय.’ अशी अक्षरे आढळतात. प्रजासत्ताकाच्या काळात मुकुटाची जागा अशोकस्तंभाच्या सिंहांनी घेतली.

काडतुसाचे बूडही बोलके असते. ‘के. एफ.’ हा शिक्का म्हणजे पुण्याजवळच्या खडकी कारखान्याची ओळख.

एक जुना गैरसमज

१९६० च्या दशकात ईशापूरने ‘टू ए’ आणि ‘टू ए वन’ या ७.६२ मिलिमीटरच्या रायफली बनविल्या. जुन्या थ्री नॉट थ्रीची नळी बदलून त्या तयार केल्या, असा समज आजही आढळतो. तो चुकीचा आहे. अधिक दाब सोसणारे पोलाद वापरून त्या नव्याने घडविल्या गेल्या. चौकोनी ठेवणीचे, बारा काडतुसांचे मॅगझिन ही त्यांची खूण. मूळ रायफलीत दहा काडतुसे मावतात. बाह्यरूप सारखे असले, तरी काडतूस वेगळे आहे, हे विसरता कामा नये.

मोल कशावर ठरते?

बोल्ट, नळी आणि मुख्य सांगाड्यावरील क्रमांक एकच आहेत का, हा पहिला प्रश्न. एका रायफलीचा बोल्ट दुसरीत बसविल्यास काडतुसामागील अंतर बिघडते आणि काडतूस फुटून अपघात होऊ शकतो. दुसरा प्रश्न नळीच्या आतील आट्यांचा. जुन्या काडतुसांतील क्षारांमुळे वेळीच साफ न केलेली नळी गंजते आणि आटे झिजतात. तिसरी बाब लाकडाची : भेगा, तेलाने कुजलेला भाग, नंतर घातलेले तुकडे. ‘डी. पी.’ असा शिक्का असेल, तर ती केवळ कवायतीसाठी आहे. तिच्यातून गोळी झाडणे जिवावर बेतू शकते.

बदलाची किंमत

रूपांतराचा इतिहासही मोठा आहे. ईशापूरमध्ये अनेक थ्री नॉट थ्री गुळगुळीत नळीच्या, एकावेळी एकच काडतूस घेणाऱ्या ‘चारशे दहा’ मस्केट झाल्या. ब्रिटिश सैन्याने निवडक ‘नंबर चार’ रायफलींपासून १९७० च्या सुमारास ‘एल ४२’ ही नेमबाजांची रायफल घडविली. ही कामे सरकारी कारखान्यांत, चाचण्यांनंतर झाली. युद्धानंतर अमेरिका, कॅनडा व ऑस्ट्रेलियात मात्र स्वस्तात मिळालेल्या हजारो रायफलींचे लाकूड कापून शिकारी बंदुका बनविल्या गेल्या. आज संग्राहक न कापलेल्या रायफलीलाच अधिक किंमत मोजतात; कापलेले लाकूड पुन्हा जोडता येत नाही.

भारतात प्रश्न केवळ किमतीचा नाही. थ्री नॉट थ्री हा लष्करी बोअर सामान्य नागरिकांसाठी निषिद्ध आहे. म्हणूनच ईशापूरने नागरिकांसाठी ‘थ्री वन फाइव्ह’ रायफल काढली. शस्त्र कायदा १९५९ च्या कलम ६ नुसार नळी आखूड करण्यास परवाना लागतो. २०१९ च्या दुरुस्तीने शस्त्र एका वर्गातून दुसऱ्या वर्गात बदलण्यालाही तोच नियम लागू झाला. विनापरवाना असे केल्यास किमान सात वर्षे, तर कमाल जन्मठेपेची तरतूद आहे. त्याच दुरुस्तीने एका व्यक्तीकडील शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली आणि ती वारशाच्या शस्त्रांनाही लागू आहे.

त्यामुळे आजोबांच्या निधनानंतर कपाटात रायफल सापडली, तर ती साफ करण्याआधी किंवा ओळखीच्या मिस्त्रीकडे नेण्याआधी परवान्याची कागदपत्रे शोधावीत. परवाना वारसाच्या नावे नसेल, तर शस्त्र पोलिस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून रीतसर अर्ज करावा. जतन करायचे ते मूळ रूपातच, आणि तेही कायद्याच्या चौकटीत.