वळिवडे : परक्या मुलखातील पोलिश गावाची वाटचाल

कोल्हापूर-मिरज लोहमार्गावर कोल्हापूर सोडले की थोड्याच वेळात वळिवडे स्थानक लागते. 1943 साली या स्थानकाजवळच्या माळावर लांबलचक बराकींच्या रांगा उभ्या राहिल्या आणि सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित तेथे राहू लागले. त्यांत बहुसंख्य स्त्रिया, मुले आणि वृद्ध होते. घरातील कर्ते पुरुष एकतर युद्धावर होते, नाहीतर वाटेतच गेले होते.

या माणसांची फरपट 17 सप्टेंबर 1939 रोजी सुरू झाली. त्या दिवशी सोव्हिएत फौजा पूर्व पोलंडमध्ये शिरल्या. फेब्रुवारी 1940 पासून तेथील कुटुंबेच्या कुटुंबे मालगाड्यांत भरून सायबेरिया आणि कझाकस्तानात नेण्यात आली. जुलै 1941 मध्ये लंडनस्थित पोलिश सरकार आणि सोव्हिएत संघ यांच्यात करार झाला, तेव्हा त्यांची सुटका झाली. जनरल आंद्रेस यांच्या पोलिश सैन्यामागोमाग हजारो नागरिक 1942 मध्ये इराणात पोहोचले. पुढे जायचे कुठे, हा प्रश्न मात्र तसाच होता. नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी त्याच वर्षी बालाचडी येथे पोलिश मुलांसाठी आश्रयस्थान उघडले. कोल्हापूर संस्थानातील छावणी त्यानंतरची आणि तिच्याहून कितीतरी मोठी.

ही छावणी कोल्हापूरच्या महाराजांनी उभारली, असे आजही सर्रास सांगितले जाते. वस्तुस्थिती थोडी वेगळी आहे. त्या वेळी गादीवर असलेले शिवाजी महाराज अजाण बालक होते आणि कारभार महाराणी ताराबाईंच्या नेतृत्वाखालील रीजन्सी कौन्सिलकडे होता. जागा संस्थानाची, देखरेख ब्रिटिश हिंदुस्थान सरकारची, खर्चाचा भार लंडनस्थित पोलिश सरकारचा, अशी ही व्यवस्था होती. ती जुळवून आणण्यात मुंबईचे पोलिश वाणिज्यदूत एवगेनिउश बानासिन्स्की आणि त्यांच्या पत्नी किरा बानासिन्स्का यांचा मोठा वाटा होता. पोलिश रेडक्रॉसच्या प्रतिनिधी म्हणून किराबाईंनी निर्वासितांसाठी निधी, कपडे, औषधे गोळा केली आणि सरकारदरबारी त्यांची बाजू मांडली. 1991 साली भारत सरकारने त्यांना पद्मश्री दिली. एका माणसाच्या नावावर सारे श्रेय टाकण्याची आपली सवय अशा वेळी आड येते.

छावणी म्हटली की तारेचे कुंपण आणि वाढप्यापुढची रांग डोळ्यांसमोर येते. वळिवड्यात तसे नव्हते. बराकींचे भाग पाडून प्रत्येक कुटुंबाला स्वतंत्र बिऱ्हाड दिले होते. स्वयंपाक ज्याचा त्याने करायचा. दरमहा भत्ता मिळे आणि त्यातून बाजारहाट होई. छावणीचा अंतर्गत कारभार पोलिश लोकांच्याच हाती होता. प्राथमिक शाळांपासून माध्यमिक आणि व्यवसायशिक्षणापर्यंतची सोय पोलिश भाषेत होती. चर्च होते, इस्पितळ होते, नाटके होत, बालवीर पथके पन्हाळ्यावर सहलीला जात. विश्रांतीची आणि हवापालटाची गरज असलेल्या मुलांना पाचगणीला पाठवले जाई. भाजीवाले, कापडवाले, दूधवाले कोल्हापूर आणि आसपासच्या गावांतून येत, आणि व्यवहारापुरती पोलिश त्यांच्या तोंडी बसली होती. निर्वासिताला भाकरीबरोबर त्याच्या घराचा उंबरठा, त्याची भाषा आणि त्याचा निर्णय परत द्यावा लागतो, हे या छावणीने कृतीने दाखवले.

तरी दुःख संपले नव्हते. सायबेरियाने खिळखिळी केलेली शरीरे येथेही दगावली. कोल्हापूरच्या ख्रिस्ती दफनभूमीत त्यांची थडगी आहेत. मे 1944 मध्ये इटलीत मोन्ते कासीनोच्या लढाईत पोलिश सैनिक पडत होते, तेव्हा त्यांतल्या काहींच्या बायका-मुलांचे डोळे वळिवड्यात टपालाकडे लागलेले होते.

खरी कसोटी युद्ध संपल्यावर लागली. फेब्रुवारी 1945 च्या याल्टा परिषदेत पूर्व पोलंड सोव्हिएत संघाकडे राहणार हे ठरले. म्हणजे ज्या गावांतून ही माणसे उचलली गेली, ती गावेच पोलंडमध्ये उरली नाहीत. 5 जुलै 1945 रोजी ब्रिटनने लंडनस्थित सरकारची मान्यता काढून घेतली आणि छावणीचा पाठीराखाच गेला. आता मायदेशी परता, असे सुचवले जाऊ लागले. परतायचे कुठे, हे सांगणारा कोणी नव्हता. बहुतेकांनी नकार दिला, आणि तो नकार अखेर मानला गेला. 1946 मध्ये बालाचडी बंद झाल्यावर तेथील मुलेही वळिवड्याला आली. त्यानंतर आंतरराष्ट्रीय निर्वासित संस्थांच्या मदतीने कोणी ब्रिटनला, कोणी पूर्व आफ्रिकेला, कोणी ऑस्ट्रेलियाला गेले. काहीजण स्वखुशीने पोलंडला परतले. एखाद-दुसरीने कोल्हापुरातच संसार थाटला. 1948 साली छावणी रिकामी झाली. इच्छेविरुद्ध कोणालाही धोक्याच्या ठिकाणी परत धाडू नये, हे तत्त्व पुढे 1951 च्या जिनिव्हा करारात आले. भारताने त्या करारावर अद्याप सही केलेली नाही, हेही नोंदवायला हवे.

बराकी फार काळ ओस राहिल्या नाहीत. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या कुटुंबांना तेथेच आसरा मिळाला आणि गांधीनगर वसले. आज ही कापडाची नामांकित बाजारपेठ आहे.

जगभर विखुरलेल्या माजी रहिवाशांनी मात्र गाठ सोडली नाही. ‘भारतातील पोलिश लोक, 1942–1948’ या नावाने त्यांनी संघटना बांधली, आठवणी आणि कागदपत्रे जमवली, जाडजूड ग्रंथ सिद्ध केला. कोल्हापूरच्या महावीर उद्यानात त्यांच्या पुढाकाराने स्मारक उभे राहिले. सप्टेंबर 2019 मध्ये पोलंडच्या शिष्टमंडळाबरोबर काही वयोवृद्ध माजी रहिवासी पुन्हा वळिवड्यात आले. वॉर्सातही कोल्हापूरचे स्मारक आहे. 21 ऑगस्ट 2024 रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी तेथे पुष्पचक्र अर्पण केले. त्याच दौऱ्यात पोलंडच्या वीस तरुणांना दरवर्षी भारतभेटीला बोलावणारा जामसाहेबांच्या नावाचा उपक्रम जाहीर झाला.