कान्हेरीच्या कातळाकडून हिमउताराकडे

दहिसर नदी ज्या तुळशी तलावाच्या परिसरातून वाहत येते, त्याच डोंगरात कान्हेरीची लेणी आहेत, आणि त्यांच्या भोवतालच्या ज्वालामुखीजन्य खडकांवर मुंबईच्या गिर्यारोहकांनी प्रस्तरारोहणाचे, म्हणजे दोराच्या आधाराने कातळ चढण्याचे, धडे गिरवले. दहिसर-बोरिवलीच्या तरुणांना हा कातळ हाकेच्या अंतरावर होता. हिमालय मात्र लांबच्या रेल्वेप्रवासापलीकडे. 1954 साली मुंबईत स्थापन झालेल्या गिरिविहारसारख्या संस्थांमुळे हे अंतर कमी झाले, तरी सह्याद्रीत कमावलेले कसब बर्फावर कुठवर पुरते, हे उमगायला बराच काळ लागला आणि त्याची किंमतही मोजावी लागली.

सह्याद्रीतला मुख्य धोका पावसाळी आहे. मुरलेल्या पाण्याने माती जड होते, तिची पकड सुटते आणि दरड कोसळते. 30 जुलै 2014 रोजी माळीण गाव गाडले गेले आणि दीडशेहून अधिक माणसे गेली, तेही संततधार पावसानंतरच. हिमप्रपात, ज्याला नेपाळीत हिमपहिरो, म्हणजे हिमाची दरड, असे अगदी चपखल नाव आहे, त्याचा स्वभाव मात्र वेगळा असतो. प्रत्येक हिमवृष्टीचा एक थर बसतो आणि थरांमध्ये कधीकधी साखरेसारख्या सुट्या कणांचा कमकुवत पापुद्रा दडून राहतो. वर घट्ट झालेल्या हिमाची सलग लादी या पापुद्र्यावर कशीबशी टेकलेली असते आणि तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारावर एका माणसाचे वजनही तिला तडा द्यायला पुरते. सह्याद्रीतही लाव्हाच्या थरांमध्ये तांबड्या मातीचे पट्टे सापडतात, पण ते थर कोट्यवधी वर्षांचे आहेत आणि उघड्या कड्यावर डोळ्यांना दिसतात. हिमाचे थर आठवड्यापूर्वीचे असू शकतात आणि खणल्याशिवाय दिसत नाहीत. बर्फ पडून आभाळ निवळले की उतार सर्वांत देखणा दिसतो आणि नेमका तेव्हाच तो सर्वांत बेभरवशाचा असतो, हे कातळावर वाढलेल्या नजरेला सहज पटत नाही.

नामांकित गिर्यारोहकांनाही ते पटले नव्हते. 7 जून 1922 रोजी ताज्या हिमवृष्टीनंतर एव्हरेस्टच्या नॉर्थ कोल या खिंडीकडे निघालेल्या ब्रिटिश गिर्यारोहक जॉर्ज मॅलरींच्या तुकडीतील सात भारवाहक हिमप्रपातात गेले. 1937 च्या जूनमध्ये नंगा पर्बतावर एका रात्रीत एक संपूर्ण तळ गाडला गेला आणि सोळा जण मृत्युमुखी पडले. मुंबईकर गिर्यारोहकांना हा धडा 1970 साली गढवालमधील बेथारटोली हिमालच्या मोहिमेत मिळाला. तिथेही काही जणांचा बळी हिमप्रपातानेच घेतला. 1928 मध्ये स्थापन झालेल्या आणि पुढे मुंबईत मुख्य कार्यालय असलेल्या हिमालयन क्लबच्या नियतकालिकात अशा दुर्घटनांची नोंद होत राहिली. शिखर सर झाल्याच्या हकिकतींपेक्षा ही पाने अधिक उपयोगाची आहेत, पण ती कमी वाचली जातात.

शास्त्रशुद्ध प्रशिक्षणाची सोय बेथारटोलीच्या मोहिमेआधीच झाली होती. दार्जिलिंगची हिमालयन पर्वतारोहण संस्था 1954 मध्ये आणि उत्तरकाशीची नेहरू पर्वतारोहण संस्था 1965 मध्ये सुरू झाली. महाराष्ट्रातील गिर्यारोहक तिथे जाऊन हिम ओळखायला शिकले. सैन्याच्या गरजेतून 1969 मध्ये मनालीत हिम आणि हिमप्रपात यांचा अभ्यास करणारी संस्था उभी राहिली, जी 2020 मध्ये संरक्षण खात्याच्या एका नव्या संस्थेत विलीन झाली, आणि हिमालयातील हिमप्रपातांचे इशारे आज ही नवी संस्था देते.

अलीकडे उत्तराखंडमधील केदारकंठासारख्या हिवाळी पदभ्रमंतींना मुंबईतून मोठे गट जातात, आणि त्यांच्या बाबतीत एक हिशोब निर्णायक ठरतो. पश्चिमी देशांतील नोंदींनुसार पूर्ण गाडल्या गेलेल्यांपैकी पहिल्या पंधरा मिनिटांत बाहेर काढलेले सुमारे नऊदशांश लोक वाचतात आणि त्यानंतर हे प्रमाण झपाट्याने घसरते. सियाचीनमध्ये 2016 च्या फेब्रुवारीत दहा जवान गाडले गेल्यावर त्यांतला एक सहा दिवसांनी जिवंत सापडला आणि पुढे रुग्णालयात दगावला. हा अपवाद होता. पंधरा मिनिटांत बाहेरची मदत पोहोचत नाही, म्हणून संकेत देणारे-घेणारे छोटे यंत्र, हिमात खुपसून शोध घेण्याची लांब सळई आणि फावडे ही तीन साधने प्रत्येकाच्या स्वतःजवळ असावी लागतात, आणि संशयास्पद उतार ओलांडताना एका वेळी एकानेच जायचे, बाकीच्यांनी सुरक्षित जागी थांबून त्याच्यावर नजर ठेवायची, असा नियम पाळला जातो.